घरातील संगणक : किल्ली ज्याची त्याच्या हाती

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे घरात संगणक असणे ही प्रतिष्ठेची खूण मानली जात असे. दिवाणखान्यात त्याच्यासाठी खास टेबल येई, त्यावर धूळ बसू नये म्हणून आच्छादन घातले जाई आणि पाहुण्यांना तो कौतुकाने दाखविला जाई. २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत संगणकाची तोंडओळख पोहोचली. आज ते कौतुक ओसरले आहे. संगणक, टॅबलेट किंवा मोबाइल आता घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांची पेटी झाला आहे. खात्यांची विवरणपत्रे, विम्याच्या पावत्या, आयकराची विवरणे, नातवंडांची छायाचित्रे, वैद्यकीय अहवाल, सारे काही त्यातच असते. पूर्वी अशा गोष्टी लोखंडी कपाटात असत आणि कपाटाची किल्ली घरातील कर्त्या माणसाच्या किंवा गृहिणीच्या कमरेला असे.

या नव्या कपाटाची किल्ली मात्र बहुतेक घरांत मालकाकडे नसते. ती पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाकडे असते, शेजारच्या महाविद्यालयीन तरुणाकडे असते, किंवा संगणक दुरुस्तीच्या दुकानातील मुलाकडे असते. 'पासवर्ड मला ठाऊक नाही, तो मुलाने घातला आहे' हे वाक्य बँकेच्या शाखेत दररोज ऐकू येते. म्हणणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. किंबहुना मुलगा हुशार असल्याचा अभिमानच त्यातून डोकावतो.

प्रस्तुत लेखकाचे मत असे, की ही व्यवस्था सोयीची वाटली तरी ती असुरक्षित आहे, आणि ज्येष्ठांच्या स्वातंत्र्याला बाधा आणणारीही आहे. संगणकाचे सखोल ज्ञान प्रत्येकाला हवे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्या उपकरणाच्या चार-पाच किल्ल्या आपल्याच हाती असाव्यात आणि त्या कशा फिरवायच्या हे आपल्याला ठाऊक असावे, एवढा आग्रह धरणे आवश्यक आहे. त्या किल्ल्या कोणत्या, हे क्रमाने पाहू.

पहिली किल्ली : ई-मेल आणि मोबाइल क्रमांक

आपल्या साऱ्या व्यवहारांत बँकेचा पासवर्ड सर्वांत मोलाचा, असा सर्वसाधारण समज आहे. विचार केल्यास चित्र थोडे वेगळे दिसते. बँकेचा पासवर्ड विसरला तर ग्राहक ओळखपत्र घेऊन शाखेत जाऊ शकतो. तेथे त्याला ओळखणारी माणसे असतात आणि नवा पासवर्ड मिळण्याची रीत ठरलेली असते. ई-मेलच्या मोफत खात्याचे तसे नाही. तेथे खिडकी नाही, अधिकारी नाही. शिवाय विमा, वीज, रेल्वे आरक्षण, गुंतवणूक अशा बहुतेक ठिकाणी पासवर्ड विसरल्यास तो बदलण्याचा दुवा याच ई-मेलवर येतो. म्हणजे ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती बाकीची बरीचशी कुलपे.

तेव्हा पहिले काम हे. आपल्या ई-मेल खात्याच्या सेटिंग्जमधील सुरक्षिततेच्या विभागात जाऊन खाते परत मिळविण्यासाठी कोणता मोबाइल क्रमांक व कोणता पर्यायी ई-मेल नोंदविलेला आहे, हे स्वतः पाहावे. अनेकदा तेथे आठ-दहा वर्षांपूर्वी बंद केलेला क्रमांक आढळतो. वापरात नसलेला क्रमांक काही काळाने मोबाइल कंपनी दुसऱ्या ग्राहकास देते, हे लक्षात घेतल्यास या नोंदीचे गांभीर्य कळेल. बँकेत नोंदविलेल्या क्रमांकाबाबतही तीच दक्षता घ्यावी. क्रमांक बदलला की त्याच आठवड्यात शाखेला कळवावे. शक्यतो सिमकार्ड आपल्या स्वतःच्या नावावर असावे. ते मुलाच्या किंवा जावयाच्या नावावर असल्यास हरवलेले सिम पुन्हा मिळविताना अडचण येते.

दुसरे काम, द्विस्तरीय पडताळणी सुरू करणे. तसे केल्यावर नव्या उपकरणावरून खाते उघडताना पासवर्डखेरीज आणखी एक खूण द्यावी लागते. गूगलच्या खात्यात त्याच ठिकाणी १० राखीव संकेतांकांची यादी मिळते. ती छापून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी. मोबाइल हरवला, तरी त्यांतील एका संकेतांकाने आपले खाते उघडता येते.

वहीत लिहावे की लिहू नये?

पासवर्ड कोठेही लिहून ठेवू नये, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन आणि नेट बँकिंगचा पासवर्ड यांच्याबाबत तो नियम आजही अक्षरशः पाळलाच पाहिजे. परंतु बाकीच्या पंधरा-वीस पासवर्डांना तोच नियम लावल्याचा परिणाम आपण पाहतो आहोत. लक्षात राहावे म्हणून माणसे सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात, आणि तोही बहुधा नाव व जन्मवर्ष यांचा. एखाद्या किरकोळ दुकानाच्या संकेतस्थळावरून तो फुटला, की चोर तोच पासवर्ड ई-मेलला लावून पाहतो.

यावर माझे मत प्रचलित उपदेशाहून थोडे निराळे आहे. ई-मेल, संगणक, टॅबलेट व इतर बिगर-बँक खात्यांचे वेगवेगळे पासवर्ड एका वहीत लिहून ती वही दागिन्यांच्या कपाटात ठेवणे हे सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. दूरदेशीचा भामटा आपल्या कपाटातील वही वाचू शकत नाही. वही पर्समध्ये नको, संगणकाच्या खणात नको आणि तिचे छायाचित्र मोबाइलमध्ये तर मुळीच नको. ज्यांना जमेल त्यांनी पासवर्ड सांभाळणारे विश्वासार्ह ॲप वापरावे; मात्र त्याचाही मुख्य पासवर्ड असाच जपावा लागतो.

पासवर्ड कसा असावा? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ साली आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. पासवर्डची लांबी अधिक महत्त्वाची आहे आणि फुटल्याची शंका नसताना तो ठरावीक काळाने सक्तीने बदलायला लावण्याची गरज नाही, असे त्यांत म्हटले आहे. तेव्हा परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन लिपीत एकापुढे एक लिहून होणारा लांब पासवर्ड चांगला. आजोळची विहीर, आवडता राग, एखादी भाजी आणि एखादे नक्षत्र, अशी चौकडी आपल्याला सहज आठवते. दुसऱ्याला ती सुचणे अवघड. जेथे अंक व चिन्हे सक्तीची असतील, तेथे ती शेवटी जोडावीत.

एक उपकरण, अनेक माणसे

आपल्याकडे संगणक किंवा टॅबलेट एकट्याचा नसतो. सकाळी आजोबा विवरणपत्र पाहतात, दुपारी सून कार्यालयीन काम करते आणि संध्याकाळी नातू त्यावर खेळ खेळतो. खेळाच्या नादात त्याने भलतेच काही उतरवून घेतले, तर ते आजोबांच्या कागदपत्रांशेजारीच येऊन बसते.

यावर सोपा उपाय आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' या विभागातून घरातील प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते उघडता येते. त्यांपैकी एकच खाते व्यवस्थापकाचे ठेवावे आणि बाकी सर्व, अगदी आपले स्वतःचे रोजच्या वापराचे खातेही, साधे ठेवावे. साध्या खात्यातून एखादा कार्यक्रम संगणकाच्या मुळाशी बदल करू लागला, तर व्यवस्थापकाचा पासवर्ड विचारला जातो. तो क्षणभराचा अडथळाच पुष्कळ अनर्थ टाळतो. जागेवरून उठताना विंडोजचे चिन्ह असलेली कळ व 'एल' ही कळ एकत्र दाबावी. पडदा कुलूपबंद होतो.

अनेक अँड्रॉइड टॅबलेटवरही वेगवेगळी खाती उघडता येतात. आयपॅडवर घरगुती वापरासाठी तशी सोय नाही. परंतु 'गाइडेड ॲक्सेस' नावाची सुविधा आहे. ती सुरू करून मुलाच्या हाती टॅबलेट दिला, की तो फक्त ठरवून दिलेले एकच ॲप वापरू शकतो. अँड्रॉइडमध्ये याच कामासाठी 'ॲप पिनिंग' आहे. गोष्टी ऐकण्यासाठी टॅबलेट नातवाच्या हाती देणाऱ्या आजी-आजोबांनी एवढे एक जरी शिकून घेतले, तरी मोठी काळजी मिटेल.

अद्ययावत ठेवणे म्हणजे डागडुजी

'अपडेट करा' ही सूचना पडद्यावर आली, की ती पुढे ढकलण्याकडे आपला कल असतो. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेण्यास जसा कंटाळा येतो, तसाच हा प्रकार; आणि परिणामही तसाच. अद्ययावत आवृत्तीत नव्या सोयींपेक्षा जुन्या भेगा बुजविण्याचे काम अधिक असते. या भेगा एकदा जाहीर झाल्या, की न बुजविलेली उपकरणे शोधणे चोरांना सोपे जाते. म्हणून स्वयंचलित अपडेट सुरू ठेवावे आणि रात्री उपकरण चार्जिंगला लावून ते पूर्ण होऊ द्यावे.

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षाविषयक दुरुस्त्यांसाठी नाव नोंदवून ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देण्यात आली. दुरुस्त्या बंद झालेला संगणक त्या दिवशी बंद पडत नाही, यातच गफलत होते. तो पूर्वीसारखाच चालतो आणि मालकाला काही जाणवत नाही. जुन्या अँड्रॉइड टॅबलेटचेही असेच असते. अशी उपकरणे टाकून द्यावीत असे नाही. गाणी, वाचन आणि पाककृती पाहणे यांसाठी ती खुशाल वापरावीत. पैशाचे व्यवहार आणि मुख्य ई-मेल मात्र त्यांवरून काढून घ्यावेत.

विषाणूंपासून संरक्षण देणारी व्यवस्था विंडोजमध्ये अंगभूत असते आणि ती अद्ययावत असल्यास घरगुती वापरास सामान्यतः पुरेशी ठरते. 'आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे, त्वरित या क्रमांकावर फोन करा' असा मोठ्या आवाजासह पडदाभर संदेश आला, तर तो फसवा आहे असे निःशंक समजावे. 'ऑल्ट' व 'एफ-४' या कळा एकत्र दाबून ती खिडकी बंद करावी. न झाल्यास वीजकळ काही सेकंद दाबून धरून संगणकच बंद करावा. फोन करू नये.

३१ मार्च : घराचाही ताळेबंद

बँकेत ३१ मार्चला वर्षाचे हिशेब बंद होतात. जगभर हाच दिवस संगणकातील माहितीची राखीव प्रत काढण्याची आठवण देणारा दिवस म्हणूनही पाळला जातो. हा योगायोग आपल्या घरांनी उपयोगात आणावा, अशी माझी सूचना आहे. वर्षातून निदान या एका दिवशी घरातील महत्त्वाच्या माहितीची प्रत काढावी. वर्षभर नियमाने काढता आली तर उत्तमच.

यात एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. 'माझी छायाचित्रे गूगलवर आहेत, म्हणजे प्रत आहेच' असे अनेकजण समजतात. परंतु टॅबलेट आणि इंटरनेटवरील साठा एकमेकांशी जुळवून ठेवणे आणि प्रत काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुळवून ठेवलेल्या साठ्यात एका जागी पुसलेले छायाचित्र दुसऱ्या जागीही पुसले जाते. खरी प्रत ती, जी मूळ नष्ट झाल्यावरही शाबूत राहते. जाणकार यासाठी ३-२-१ असा नियम सांगतात : एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी १ घराबाहेर. घरगुती भाषेत सांगायचे तर एक संगणकात, एक बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर आणि एक इंटरनेटवरील साठ्यात किंवा बहिणीच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. प्रत काढून झाल्यावर डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. माहिती ओलीस धरणारा विषाणू संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील माहितीही कुलूपबंद करतो. आणि प्रत काढली एवढ्यावर समाधान न मानता तीमधील चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात.

गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते आणि ई-मेल, छायाचित्रे व इतर फाइली या सर्वांना ती मिळून असते. ती भरली, की नवे ई-मेल येणेच बंद होते. सणासुदीच्या शुभेच्छांच्या चलच्चित्रांनी साठा भरून गेल्यामुळे बँकेचे विवरणपत्र पोहोचले नाही, असे होऊ शकते. म्हणून ३१ मार्चच्या कामांत ही झाडलोटही धरावी.

फाइलींना नाव देताना आरंभी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर विषय लिहावा. जसे, '२०२६-०३-१५ विमा हप्ता'. अशा फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात आणि तीन वर्षांपूर्वीची पावती क्षणात सापडते.

याच दिवशी आणखी एक विचार करून ठेवावा. बँक खात्यांना आपण नामनिर्देशन करतो. नव्या तरतुदींनुसार १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी ४ व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. पण आपल्या पश्चात आपली छायाचित्रे, पत्रे व कागदपत्रे कोणाला मिळावीत, याची तजवीज क्वचितच कोणी करतो. गूगलच्या खात्यात 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणि ॲपलच्या खात्यात 'लेगसी कॉन्टॅक्ट' ही व्यवस्था नेमकी यासाठी आहे. दुःखाच्या प्रसंगी कुटुंबीयांवर बंद टॅबलेट हातात धरून पासवर्डचा अंदाज करीत बसण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी ती पाच मिनिटे खर्च करावीत.

मदत घ्यावी, पण चालकाची जागा सोडू नये

दूर राहणारा मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांना मदत करण्यासाठी त्यांचा पडदा आपल्या संगणकावर पाहते, ही मोठी सोय आहे. परंतु याच सोयीचा वापर करून भामटे खाती रिकामी करतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा ॲपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. म्हणून घरात एक साधा दंडक असावा. पडदा दाखविण्याची सुरुवात नेहमी आपण करायची. समोरून आलेल्या फोनवरून कधीही नाही. आणि पडदा दुसरा कोणी पाहत असताना बँकेचे ॲप उघडायचे नाही, मग पाहणारा पोटचा मुलगा का असेना.

बँकेचे संकेतस्थळ ओळखण्याची एक चांगली खूण अलीकडे उपलब्ध झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ मधील निर्देशांनुसार देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर न्यावयाची होती. पत्ता रोमन लिपीत असतो. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपूर्वीचा त्याचा शेवट पाहावा. तेथे हीच अक्षरे नसतील, तर व्यवहार थांबवून शाखेत चौकशी करावी. ग्राहकसेवेचा क्रमांक शोधयंत्रावर कधीही शोधू नये. तो कार्डाच्या मागे व पासबुकावर छापलेला असतो. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतील तर ती पत्रिका नव्हे, आपल्या मोबाइलमध्ये शिरू पाहणारा कार्यक्रम होय. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर लाज बाळगू नये आणि मुलाला सांगावे की नाही याचा विचार करीत रात्र घालवू नये. तत्काळ बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरविला जातो. तो वाटेत गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

डोळ्यांना आणि भाषेला सोयीचे

बरेच ज्येष्ठ संगणकापासून दूर राहतात ते बुद्धी चालत नाही म्हणून नव्हे, तर अक्षर दिसत नाही म्हणून. 'कंट्रोल' कळ दाबून धरून अधिक चिन्हाची कळ दाबली, की संकेतस्थळाची अक्षरे मोठी होतात. 'कंट्रोल' व शून्य दाबले की पूर्ववत होतात. विंडोज, अँड्रॉइड व आयपॅड या तिन्हींच्या सेटिंग्जमध्ये अक्षरांचा आकार कायमचा वाढविता येतो. नवे उपकरण घरात आणल्यावर मुलांनी सर्वांत आधी करावयाचे काम कोणते असेल, तर हे.

दुसरा अडसर भाषेचा. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव येथे राहणाऱ्या मराठी वाचकांसही आज मराठीत लिहिण्यासाठी वेगळा फाँट विकत घ्यावा लागत नाही. मे २०१९ च्या आवृत्तीपासून विंडोजमध्ये उच्चारानुसार टंकलेखन करता येणारा मराठी कळफलक उपलब्ध आहे, आणि टॅबलेटवरील गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलूनही लिहिता येते. ज्याला आपल्या भाषेत टिपण करता येते, त्याचा यंत्राशी असलेला परकेपणा निम्मा कमी होतो.

घरातील तरुणांना आणि शाखेतील सहकाऱ्यांना

आता थोडे, मदत करणाऱ्यांविषयी. 'द्या इकडे, मी करून देतो' हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असते. पण प्रत्येक वेळी ते उच्चारले, की समोरच्या माणसाचा हात थोडा आणखी आखडतो. पाच मिनिटांचे काम पंधरा मिनिटे लागले तरी चालेल. परंतु बोट त्यांचे असावे आणि सांगणे आपले. पायऱ्या क्रमाने मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्याव्यात. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला गेला तरी आवाज चढू देऊ नये. आपल्याला अंकलिपी शिकविताना त्यांनी तो चढविला नव्हता.

शाखेतील सहकाऱ्यांनीही हे पथ्य पाळावे. गर्दीच्या वेळी ग्राहकाचा मोबाइल हातात घेऊन झटपट काम उरकणे सोपे वाटते. परंतु त्यामुळे बँकेचा माणूस म्हणविणाऱ्या कोणाच्याही हाती मोबाइल द्यावा, बँकेच्या नावाने कोणी ओटीपी विचारला तर सांगावा, असा चुकीचा धडा त्या ग्राहकाला मिळतो. उद्या फोनवरून बँकेचे नाव सांगणाऱ्या भामट्याने त्याच धड्याचा फायदा घेतला, तर त्यात आपलाही थोडा वाटा असेल.

'मग मुलावर विश्वास नाही का?' असा प्रश्न यावर हटकून विचारला जातो. हा प्रश्न भावनेचा आहे आणि त्याचे उत्तर बँकेच्या जुन्याच शहाणपणात आहे. मुलावर विश्वास असेल, तर त्याला खात्यात संयुक्त खातेदार करून घ्यावे. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशी व्यवहाराची पद्धत ठरवून द्यावी. मग त्याचे कार्ड त्याच्या नावाचे, त्याचा पासवर्ड त्याचा आणि प्रत्येक व्यवहार कोणी केला याची नोंद स्वच्छ. विश्वास हा अधिकार देऊन व्यक्त करावा, गुपित देऊन नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानेही ग्राहकाची जबाबदारी ठरविताना हाच भेद केला होता. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोशीस नाही. पण ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचा भार त्याचाच. आज लागू असलेल्या नियमांचा तपशील शाखेतून समजून घ्यावा.

व्यवस्था सुरक्षित ठेवणे हे बँकांचे व कंपन्यांचे काम आहे, ते ग्राहकावर का ढकलता, असाही आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. कंपन्यांनी पडदे अधिक सुबोध करावेत, बँकांनी ज्येष्ठांसाठी वेळ राखून ठेवावा, ही मागणी रास्तच आहे. परंतु लॉकरचा दाखला घ्या. त्याला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची व एक ग्राहकाची. बँकेने आपली किल्ली कितीही कसोशीने जपली, तरी ग्राहकाची किल्ली बँक जपू शकत नाही.

आणि 'या वयात कुठे शिकायचे?' याविषयी एवढेच म्हणावेसे वाटते, की बँकांच्या संगणकीकरणाच्या काळात आयुष्यभर हाताने खतावण्या लिहिलेले कर्मचारी निवृत्तीला काही वर्षे उरली असताना कळफलकापुढे बसले आणि शिकले. त्यांना कोणी तज्ज्ञ केले नाही. रोजच्या कामापुरते त्यांना दाखविण्यात आले आणि सरावाने हात बसला. त्यांच्यापैकी अनेकजण आज हे मासिक वाचत असतील.

तेव्हा येत्या रविवारी, सारे कुटुंब घरी असताना एक तास काढावा. ई-मेलमधील क्रमांक तपासावा, वहीची जागा ठरवावी, प्रत्येकाचे खाते वेगळे करावे, अपडेट सुरू आहे ना ते पाहावे आणि छायाचित्रांची एक प्रत डिस्कवर घ्यावी. हे सर्व ज्याचे उपकरण त्याच्याच हाताने व्हावे. कर्त्या मुलाने शेजारी खुर्ची घेऊन बसावे आणि हात पाठीमागे ठेवावेत.